मेंढरांच्या मापाचं आरोग्यधाम

पुण्याच्या कॉलेजातली चार-पाच पोरं गळ्यात कॅमेरे अडकवून एकदा आमच्या कासुर्डीच्या मळ्यात आली आणि घरामागचं पडकं टाकं बघून हरखून गेली. त्यांतला एक चष्मेवाला टाक्याच्या तोंडाशी उकिडवा बसला, उतारावरच्या दगडी पट्ट्यांवरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "काकू, हे पेशवेकालीन असावं." मी म्हटलं, "हे बांधणाऱ्या गवंड्याला दोन वेळचा चहा मी दिलाय. माझं वय विचारायचं असेल तर सरळ विचार." तो हसला, पण त्याचा विश्वास काही बसला नाही. एवढं लांब, एवढं अरुंद आणि छातीइतकं खोल टाकं माणसांच्या अंघोळीसाठी कोण कशाला बांधेल, असं त्याचं म्हणणं. लढाईच्या घोड्यांसाठी असेल, असं एका मुलीनं सुचवलं. दुसऱ्याला भुयाराचा संशय आला. शेवटी मी त्यांना पडक्या भिंतीपाशी नेलं. रंगाचे पोपडे उडालेत, तरी अर्धी अक्षरं अजून वाचता येतात. वर 'धक स्नान' आणि त्याखाली ठसठशीत 'हॉर्न ओके प्लीज'. पेशव्यांच्या पालखीला हॉर्न होता का, एवढंच मी विचारलं. मग पोरांनी कॅमेरे आवरले आणि चहा घेऊन गेली.

'गंधक स्नान आरोग्यधाम' असं त्या जागेचं भारदस्त नाव होतं. आता टाक्याची एक भिंत बाभळीनं फोडली आहे. कपडे बदलायच्या दोन खोल्यांचे पत्रे वाऱ्यानं नेले आणि तिथं कोंबड्या राहतात. पाणी तापवायची काहील चुलवाणावर पालथी पडून गंजली. बोअरच्या पाइपावर दगड ठेवलाय, कारण आजूबाजूला सगळ्यांनी आमच्याहून खोल बोअर पाडले आणि आमचं पाणी कधीच आटलं. येणारेजाणारे ते पडकं बघून हळहळतात. म्हणतात, आप्पांचा धंदा बुडाला बिचाऱ्यांचा. मी उत्तर देत नाही, कारण खरं सांगायला बसलं तर त्यांची एसटी चुकेल.

आप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांनी हा सगळा खटाटोप एका माणसाच्या दोन गुडघ्यांसाठी केला. तो माणूस म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, आमचे आबा. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. वाटण्या झाल्या तेव्हा आप्पांनी आपली मेंढरं विकली, बांध घातले, ऊस लावला. आबांनी जमीन धाकट्याच्या हवाली केली आणि मेंढरं ठेवली. दिवाळी झाली की कळप, कुत्री आणि बिऱ्हाड लादलेली घोडी घेऊन ते घाट उतरून कोकणात जायचे ते पावसाच्या तोंडाला परत यायचे. मेंढरं विकली म्हणून ते आप्पांवर रुसले आणि तो रुसवा त्यांनी नीट सांभाळून ठेवला. समोरासमोर आले तर बोलत, पण पावसाविषयी. घरात पाणीसुद्धा पीत नसत.

मी लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या साली कोकणातून येताना घाटात आबांचे गुडघे धरले. ते एका दगडावर जे बसले ते दुपारभर उठले नाहीत आणि कळप पुढं निघून गेला. धनी मागं आणि मेंढरं पुढं, हे त्यांच्या जन्मात कधी झालं नव्हतं. आप्पांच्या कानावर ते आलं तसं त्यांचं जेवण तुटलं. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, ते म्हणाले, "एक साल असं येईल की दादा घाटात बसंल आन् उठायचाच न्हाई. मला कळंल ते बी आठ दिसांनी." मी चुलीपाशी होते. आप्पांचा आवाज असा मी त्याआधी ऐकला नव्हता, आणि मला भीती वाटली.

पण त्या आधी पाण्याचं सांगायला हवं, कारण ते माझ्या आधी या घरात आलं होतं.

मी शिरूरची, म्हणजे आमच्या भाषेत घोडनदीची. मार्केट यार्डाच्या मागं आमचं घर. शहरात वाढल्याचा तोरा होता आणि नाक तिखट होतं. लग्नानंतर सासरी पहिल्या पंगतीला बसले तर सडक्या अंड्यांचा वास. मंडळी पुरणपोळी खातायत, आग्रह करतायत, कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही. मी आधी कुत्र्यावर संशय घेतला, मग नवऱ्यावर, आणि शेवटी, देवा क्षमा कर, आप्पांवर. नव्या नवरीनं विचारायचं तरी कसं? चार दिवसांनी माझे आई-वडील मला न्यायला आले. ओसरीवर बसल्याबसल्या वडिलांनी आईकडं पाहिलं, आईनं वडिलांकडं पाहिलं, आणि इतक्या वर्षांच्या संसारातला विश्वास जागच्या जागी उडाला. मग आत्यांनी तांब्या पुढं केला आणि उलगडा झाला. उसासाठी मारलेल्या बोअरला खोलवर कोमट पाणी लागलं होतं आणि त्याला तो वास होता. घरच्यांची नाकं सरावली होती, त्यामुळं सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

त्या पाण्यानं माझे नवे पैंजण आणि जोडवी आठवड्यात काळी ठिक्कर पडली. आत्या म्हणाल्या, दृष्ट लागली, आणि मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आणि पाण्याचा वास एकत्र झाल्यावर कुत्रं घर सोडून गेलं आणि दोन दिवस शेजारच्या वस्तीवर राहिलं. काळी चांदी मी चिंचेनं घासायचे, ती परत काळी व्हायची. शेवटी मी पैंजण काढून ठेवले आणि त्या बोअरशी माझं जे वैर जडलं ते कायमचं.

आप्पांचं मात्र त्या पाण्यावर मन बसलं, आणि त्याला कारण एक मेंढा. आमच्याकडं खतासाठी शेतात मेंढरं बसवतात, म्हणजे एखाद्या कळपाला रात्री शेतात मुक्कामाला ठेवतात. परगावचा एक कळप आमच्या रानात बसला होता. त्यातला एक मेंढा खरजेनं लोकर गळून उघडा पडला होता. तो रोज बोअरच्या सांडपाण्याच्या चिखलात जाऊन लोळायचा. कळप हलायच्या वेळेला त्याची खरूज गेली होती आणि तो माद्यांमध्ये ऐटीत फिरत होता. त्यातच दौंडला रेल्वेत नोकरी केलेल्या एका म्हाताऱ्यानं आप्पांना सांगितलं की गंधकाच्या ऊन पाण्यात बसून त्याची धरलेली कंबर सुटली. झालं. मेंढा आणि रेल्वेवाला, दोन साक्षी मिळाल्या आणि आप्पांचा निकाल लागला.

ते तडक आबांच्या वाड्यावर गेले. वाडा म्हणजे मेंढरं कोंडायचं काटेरी कुंपण, आबा त्याच्याच कडेला पालात राहायचे. आप्पा म्हणाले, "दादा, आमच्या पाण्यात गुडघं शेकून बग." आबा म्हणाले, "गुडघं माझं हायती. मी बगीन." थोड्या वेळानं म्हणाले, "थोरला धाकट्याच्या दारात अंगुळीला आला, आसं गाव म्हणंल."

आप्पा घरी येऊन दोन दिवस बोअरभोवती फेऱ्या घालत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून आपली शक्कल सांगितली. आबा एकटे म्हणून येणार नाहीत. पण समजा चार लोक येऊ लागले, बाहेरगावचे, मोटारीतून येणारे, तर चार लोकांतला एक म्हणून आबांना येता येईल. तेव्हा चार लोक आणायचे. माझे यजमान म्हणाले, "एका माणसासाठी हॉटेल काढायचं?" आप्पा म्हणाले, "एका माणसासाठीच काढायचं. बाकीचं आपलं सोबतीला." मी मनात म्हटलं, या घरात सरळ बोलायचं सोडून बाकी सगळं करतात.

गवंडी आला आणि माप विचारू लागला. आता आप्पांनी जन्मात जिवंत प्राण्याला बुडवून काढायचं एकच टाकं पाहिलं होतं. ते जनावरांच्या दवाखान्यामागं होतं, मेंढरांना औषधाच्या पाण्यातून काढायचं. त्यांनी तेच माप दिलं. एका टोकाला उतार, दुसऱ्या टोकाला चढ, मध्ये छातीइतकं पाणी, आणि रुंदी अशी की आत गेलेल्याला मागं वळता येऊ नये. मेंढरू घाबरून उलटं फिरतं, म्हणून ती रुंदी. पाय घसरू नये म्हणून उतारावर आडव्या दगडी पट्ट्या. पलीकडं अंग निथळायला भिंतीचं एक आवार आणि त्याला फाटक.

मी म्हटलं, "आप्पा, यात माणसं बसणार कुठं?"

"बसायचं कशाला? चालत ऱ्हायचं. फुडून भाईर पडायचं, मागनं परत आत यायचं."

"आणि एखाद्याला मध्येच थांबावंसं वाटलं तर?"

"मागचा ढकलंल की," आप्पा शांतपणे म्हणाले.

पाणी कोमट होतं, त्याला ऊन करायला आमच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाची काहील काढली. चुलवाण तयारच होतं, जाळायला उसाची चिपाडं होती. काहील मी स्वतः राखेनं घासली, पण वर्षानुवर्षांचा गूळ तिच्या अंगात मुरला होता. पहिली जी माणसं न्हाऊन बाहेर पडली त्यांना खाज गेल्याचं समाधान फार काळ लाभलं नाही, कारण मुंगळे लागले. आप्पा त्यांना म्हणाले, मुंगळा चावला की रक्त खेळतं. लोकांनी मानलं. आजारी माणूस काहीही मानतो.

पाटी रंगवायला आप्पांनी हायवेवरचा पेंटर आणला. तो आयुष्यभर ट्रकच्या पाठी रंगवणारा. त्यानं भिंतीवर आधी कमळ काढलं, दोन बाजूंना दोन डोळे काढले, मध्ये 'गंधक स्नान आरोग्यधाम' लिहिलं आणि सवयीनं खाली 'हॉर्न ओके प्लीज' लिहून मोकळा झाला. भिंत सोलापूर रस्त्यावरून दिसायची. त्या दिवसापासून प्रत्येक ट्रकवाला आमच्या मळ्यासमोर हॉर्न वाजवून जायचा. पुसायला सांगितलं तर आप्पा म्हणाले, राहू दे, येणाऱ्याला वाटेल इथं गर्दी असते.

आणि खरंच थोडी गर्दी होऊ लागली. माझे यजमान शिक्रापूरला कारखान्यात होते, तिथंच खोली घेऊन राहायचे आणि रविवारी घरी यायचे. त्यांच्या साहेबांना अंगाला खाज होती. ते चौफुल्यावरून गाडी घेऊन आले, न्हाले, आणि पुढच्या रविवारी परत आले. साहेबांच्या मागं त्यांच्या खात्यातले लोक येऊ लागले, कुणाला खाज नसली तरी. आत्या पिठलं-भाकरी करायच्या. बायकांची वेळ सकाळची, तेव्हा फाटकावर आत्या बसत आणि निथळल्याशिवाय कुणाला सोडत नसत. अंगावरून पाणी ठिबकतंय तोवर फाटक उघडायचं नाही, हा मेंढरांचा नियम आप्पांनी माणसांनाही लावला होता. औषध वाया जातं, असं ते म्हणत. एकीची जरीची साडी त्या पाण्यात काळी पडली तेव्हा आत्यांनी तिला सांगितलं की अंगातली सगळी कडकी जरीनं ओढून घेतली. ती बाई आनंदानं घरी गेली.

एका रविवारी माझे वडील शिरूरहून आले. जावयाचे साहेब आलेत म्हटल्यावर टोपी नीट करून भेटायला टाक्यावर गेले. साहेब उताराकडून पाण्यात शिरलेले. वडिलांना कुठून शिरायचं ते माहीत नव्हतं, ते चढाकडून उतरले. दोघं टाक्याच्या बरोबर मध्यावर समोरासमोर आले. साहेब अंगानं भरलेले, वडीलही काही वाळलेले नव्हते. वळायला जागा नाही. वडील मुलीकडचे, ते साहेबांना म्हणाले, "आधी तुम्ही." साहेब मोठ्या घरचे, ते म्हणाले, "छे छे, तुम्ही वडीलधारे, आधी तुम्ही." आता आधी कुणीही जायचं म्हटलं तरी दुसऱ्याला उलट्या पावलानं मागं सरकायला हवं, आणि पट्ट्यांवरून उलटं सरकायला दोघांनाही जमेना. ते छातीइतक्या पाण्यात उभे राहून एकमेकांना मान देत राहिले. मुलाबाळांची चौकशी झाली. कांद्याच्या बाजाराचं बोलणं झालं. शेवटी आप्पांनी टाक्याचं बूच काढलं आणि पाणी घोट्याला लागल्यावर दोघं कुशीवर होऊन एकमेकांना घासून पार झाले. वडील पुढं कित्येक दिवस सांगायचे की जावयाचा साहेब फार जवळचा माणूस आहे.

हे सगळं चालायचं तेव्हा आबा लांबच्या बांधावर काठीला रेलून उभे असायचे. पावसाळ्यात त्यांचा कळप आमच्याच शिवारात असायचा. माणसं एकामागं एक पाण्यात शिरतायत, पलीकडं निथळत उभी राहतायत, हे बघून ते मान हलवत. एकदा मला ऐकू जाईल असं म्हणाले, "मेंढरं इकली आन् माणसं धुवाय लागला." चार लोक आले होते, चाळीस आले होते, पण आबा काही त्यांतले एक होऊन आले नाहीत. बांधावरून उतरताना ते आधी काठी खाली टेकवत, मग एक पाय सोडत, मग कितीतरी वेळानं दुसरा. आप्पा ते चुलवाणामागून बघत. दिवाळी जवळ सरकत येत होती आणि आप्पा दर रविवारी गिऱ्हाइकांशी जास्त तिरसट होत चालले होते.

त्या साली पाऊस फार झाला आणि आबांच्या मेंढरांना खरूज लागली. लोकर पुंजक्यांनी गळायला लागली, मेंढरं बाभळीच्या खोडाला अंग घासत उभी राहायची. आबांनी तंबाखूचं पाणी लावून बघितलं, करंजाचं तेल लावून बघितलं. गुण येईना.

मग तो रविवार आला. साहेब त्या दिवशी आपल्या वरच्या साहेबांना घेऊन आले होते, शिवाय खात्यातली बरीच मंडळी, बायकामुलं, सतरंज्या, रंगीत छत्र्या. आमचे हे बिचारे हातात टॉवेल घेऊन धावपळ करत होते. नोकरीत कायम व्हायचं घाटत होतं. मोठे साहेब आणि आमचे साहेब नुकतेच टाक्यात शिरले होते आणि तेवढ्यात उताराकडच्या फाटकाशी आबा येऊन उभे राहिले. मागं सगळा कळप. आबांनी आप्पांकडं बघितलं नाही. टाक्याकडं बघत म्हणाले, "मेंढरांला खरूज झालीया. पाणी मिळंल का?"

वाटण्या झाल्यापासून आबांनी आमच्या दारात काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

हे आप्पांच्या कानाशी लागले. "आबांना अर्धा तास थांबवा. साहेब आत आहेत."

आप्पा हळूच म्हणाले, "थांब म्हणलं की तो वळला. आन् वळला की गेला." त्यांनी पाण्यातल्या दोन टकलांकडं एकदा बघितलं. "आधी मेंढरं, मंग सायेब." आणि स्वतः जाऊन उताराकडचं फाटक सताड उघडलं.

मेंढरू आपणहून कधी पाण्यात उतरत नाही. धनी पुढं उतरावा लागतो, मग त्याच्या मागं पहिलं उतरतं आणि त्याच्या मागं सगळी. आबांनी धोतर खोचलं, काठी फेकली, पट्ट्यांवरून पाय चाचपत छातीइतक्या पाण्यात गेले आणि हाळी दिली. कळप घुसला. साहेब लोकांना वळता येणं शक्यच नव्हतं, टाकंच तसं बांधलेलं. आबा अंगानं वाळलेले, ते भिंतीला चिकटून बाजूला झाले आणि मेंढरं पुढं गेली. एका मेंढ्यानं आमच्या साहेबांच्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि तसाच त्यांना पुढं रेटत नेलं. मोठे साहेब आधी "अरे, अरे" म्हणत होते, मग तेही बोलायचे थांबले आणि सगळे एका चालीनं चढ चढून निथळायच्या आवारात गेले. तिथं मेंढरांनी अंग झाडलं. दोघं साहेब टॉवेल सावरत भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि मोठे साहेब आप्पांना म्हणाले, "अहो, फाटक उघडता का?"

आप्पांनी त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "निथळू द्या जरा."

सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. पिठलं चुलीवर राहिलं. गाड्या सुटल्या तेव्हा एकानंही निरोप घेतला नाही, फक्त रस्त्यावरच्या ट्रकनी नेहमीप्रमाणं हॉर्न दिले. ही बातमी यांच्या आधी शिक्रापूरला पोचली आणि त्या दिवसानंतर आमच्या आरोग्यधामात एकही गिऱ्हाईक आलं नाही. यांची नोकरी मात्र गेली नाही. आमच्या साहेबांची खाज खरोखरच कमी झाली होती, पण परत यायची लाज वाटत होती. त्यामुळं पुढं कितीतरी महिने हे दर सोमवारी त्या पाण्याचा कॅन एसटीत मांडीशी धरून न्यायचे आणि आजूबाजूचे उतारू खिडकीबाहेर तोंड काढून बसायचे.

पण मी सांगत होते त्या दुपारचं. सगळे निघून गेले, शेवटचं मेंढरूही चढून गेलं, आणि आबा टाक्याच्या मध्यावर तसेच उभे. पाणी छातीपर्यंत, हात पाण्यावर मोकळे सोडलेले. डोळे अर्धे मिटलेले. मी तोंड उघडणार तेवढ्यात आप्पांनी मला हातानं खुणावलं, जाळ घाल. मी काहिलीखाली चिपाडं सारली. नवं ऊन पाणी टाक्यात पडल्यावर आबांनी डोळे उघडले, जरा ओशाळले, मागं वळायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "एक मेंढरू ऱ्हायलंय वाटतं आजून."

मागं काही नव्हतं. उतार रिकामा होता.

"आसंल," आप्पा म्हणाले. "येईल की. थांब तू, दादा."

आणि ते दोघं सख्खे भाऊ, एक पाण्यात आणि एक काठावर, ऊन कलेपर्यंत त्या न आलेल्या मेंढराची वाट बघत राहिले. मी जाळ घालत होते आणि मला हसू येत होतं.

आबा बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले की खरूज एका धुण्यानं जात नाही, दर आठवड्याला कळप आणायला लागेल. हे खरंच होतं, मेंढरं पाळणाऱ्या कुणालाही विचारा. आबा म्हणाले, "मंग आणतो. मेंढरांसाठी आणायलाच पायजे." त्या दिवसापासून आमच्या घरात 'गुडघा' या शब्दाला बंदी आली. आत्यांनी मला चुलीपाशी बोलावून खास बजावलं, "तुझं त्वांड सांबाळ." मला फार जड गेलं. मी अशी बाई आहे की दिसलं ते बोलते. मग मी मेंढरांची चौकशी करायला लागले. "आबा, मेंढरांचं कसं काय? चढावर त्रास होतो का?"

"चढाला बरं हाय आता," आबा म्हणत. "उताराला जरा ठणकतं."

कुठल्या मेंढराचं, हे मी विचारलं नाही. आत्या आतून चहा पाठवत. पहिल्या वेळी आबांनी तो खाली ठेवला, दुसऱ्या वेळी प्यायले, आणि पुढं एकदा साखर कमी आहे म्हणाले. आप्पांनी ते ऐकलं आणि दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटले की दादा म्हणाला साखर कमी हाय.

मेंढरं मात्र कंटाळली. इतकी स्वच्छ मेंढरं त्या शिवारात कुणी पाहिली नव्हती. टाकं दिसलं की ती आपणच रांग धरायची. खरूज केव्हाच गेली होती, हे शेंबड्या पोराला दिसत होतं. पण दोन्ही भावांना दिसत नव्हतं आणि घरातलं कुणी दाखवत नव्हतं.

दिवाळी झाली. दुसरे कळप निघायला लागले, रस्त्यानं घोड्या बिऱ्हाडं घेऊन जाऊ लागल्या. आप्पा सकाळपासून ओसरीवर बसून होते, हातात तंबाखू तशीच. आबा कळप घेऊन दारात आले तेव्हा मला वाटलं, निरोप घ्यायला आले. आप्पा उठले आणि खांबाला धरून उभे राहिले. मग माझ्या लक्षात आलं की आबांच्या घोडीवर बिऱ्हाड लादलेलं नाही.

"आजून खरूज हाय वाटतं ह्यास्नी," आबा कळपाकडं बघत म्हणाले. "मला नीट दिसत न्हाई. तू बग."

आप्पा खाली उतरले. त्यांनी एका मेंढीला पुढ्यात घेतलं आणि दोन्ही हातांनी लोकर फाकवली. मी मागंच उभी होते. कातडं गुलाबी, नितळ, कुठं डाग नाही की खवला नाही. ते बराच वेळ त्या निरोगी कातड्याकडं बघत राहिले आणि मान वर न करता म्हणाले,

"हाय की, दादा. लई जुनाट हाय. दोन-तीन सालं तरी घाट उतरू नगंस."

"मंग न्हाई उतरत," आबा म्हणाले.

दोघं भाऊ कळप घेऊन टाक्याकडं निघाले, आणि मी पाणी तापवायला चिपाडं काढली.